घोट्यापर्यंतचा स्कर्ट

“रोज पहनने को इतना लंबा कौन लेता है,” घड्या घालता घालता दुकानदार भैया पुटपुटला.

झाशीत लांब स्कर्ट शोधत फिरताना हे आमचं पाचवं दुकान. लांब होते ते लग्नाचे लहंगे, परवडत होते ते गुडघ्यापर्यंतचे.

“माझ्या लेकीला लांबच शोभतो,” मी म्हटलं. वर्षभर आमच्या घरात सगळे एवढंच म्हणायचे, पुढचं कुणी बोलायचं नाही.

शेवटी ढिगाच्या तळाशी एक तपकिरी स्कर्ट सापडला. घोटे झाकणारा आणि खिशालाही झेपणारा. मी तो तिच्या कमरेला लावून पाहिला. “बघ शमिका, मिटली काळजी.”

 

तिनं ओढणीआडचा हात पुढे केला. बोटांवर पांढरे डाग होते. “आई, कोड आता हातावरही आलंय.”