नॉर्मल नंबर तीन

टॅक्सी लालबागच्या सिग्नलला थांबली तेव्हा डॉ. यतीन तळपद्यांनी कोटाचं बटण पुन्हा एकदा लावून पाहिलं. ते आता बसत नव्हतं.

“राहू द्या उघडं, बाबा,” सुरुची म्हणाली. “आज सगळे तुमच्याकडे बघणारेत, बटणाकडे नाही.”

“पुन्हा हसले तर?”

सुरुचीला ती हकीकत लहानपणापासून पाठ होती. इम्युनॉलॉजी सोसायटीच्या अशाच एका वार्षिक अधिवेशनात, परळच्या याच सभागृहात, तिच्या वडिलांनी रक्ताची एक नवी तपासणी मांडली होती. ल्युपसमध्ये शरीर स्वतःवरच उलटतं. तो आजार उघड होण्याच्या कित्येक वर्षं आधी या तपासणीत पकडता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा दीपक नवलकर उठून म्हणाले होते, “तळपदे, तुमची टेस्ट धडधाकट माणसालाही आजारी ठरवतेय. उद्या या हॉलमधल्या पंख्यालाही ल्युपस निघेल.”

सगळं सभागृह हसलं होतं. तळपद्यांनी निबंध मागे घेतला आणि पुढे कधी काही मांडलं नाही. नवलकर यथावकाश सोसायटीचे अध्यक्ष झाले. तळपदे मात्र दरवर्षी अधिवेशनाला जात राहिले, मागच्या रांगेत चहाच्या टेबलाजवळ बसत राहिले.

गेल्या महिन्यात त्यांना संघमित्राचा फोन आला. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली ही मुलगी आता त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत संशोधक होती. बोलायला सडेतोड. तुमच्या वेळचे रक्ताचे नमुने फ्रीझरच्या तळाशी अजून पडून आहेत, नव्या पद्धतीनं तपासू का, असं तिनं विचारलं. तळपदे हो म्हणाले. त्यानंतर त्यांना झोप लागेना. तपासणी खरी होती की आपण खरंच मूर्ख होतो, एवढंच त्यांना मरण्याआधी कळायला हवं होतं. संघमित्रा मात्र फोनवर निकाल सांगायला तयार नव्हती. यंदाचं व्याख्यान माझं आहे, ऐकायलाच या, म्हणाली.

जुन्या प्रयोगशाळेचं फाटक आलं तशी त्यांनी काच खाली केली.

“तुझी आई इथे उतरायची.”

सुमती दुपारी गिरगावातून डबा घेऊन यायची. भर थंडीतही छत्री उघडलेली. ऊन तिला सोसायचं नाही, गाल लालबुंद व्हायचे. वहिनी अजून लाजतात, अशी प्रयोगशाळेत चेष्टा चालायची आणि तळपदेही त्यात सामील व्हायचे. डबा ठेवून ती जरा टेकायची, गप्पा मारायची आणि ब्लाउजची बाही सारखी करत निघायची. पुढे तिचे सांधे धरू लागले. कामाचा कंटाळा, असं सासूबाईंचं मत पडलं. मग मूत्रपिंडं निकामी झाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना काही शंका होत्या, त्या तळपद्यांनीच शास्त्राला धरून दूर केल्या. दुखण्यावरच्या गोळ्या फार खाल्ल्या, असं शेवटी ठरलं. सुरुची तेव्हा शाळेत होती.

“आई असती,” सुरुची म्हणाली, “तर आज नवलकरकाकांपुढे पेढे नेऊन ठेवले असते तिनं.”

तळपदे हसले.

सभागृहात नवलकर पहिल्या रांगेत होते, काठी गुडघ्यांत धरून. “या तळपदे,” ते म्हणाले. “आज इथेच बसा. पंखाही जवळ आहे.”

सुरुचीनं वडिलांना त्यांच्याशेजारी बसवलं आणि मोबाइल समोर धरला. तिला सगळं टिपून ठेवायचं होतं.

संघमित्रानं प्रास्ताविक केलंच नाही. तळपदे सरांची तपासणी पहिल्या दिवसापासून बरोबर होती, असं ती म्हणाली. रुग्णांचे सगळे नमुने तिनं नव्यानं तपासले होते, एकही निकाल बदलला नव्हता. मग घोटाळा कुठे झाला, तर धडधाकट माणसांत. आजाऱ्याच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं, त्याला आपण नॉर्मल म्हणतो. आणि नॉर्मल आणायचा कुठून? प्रयोगशाळेत जो कोणी येईल त्याला हात पुढे करायला लावायचं. सभागृहात खसखस पिकली. तिथल्या प्रत्येकानं कधी ना कधी असा हात पुढे केला होता.

“त्यातला नॉर्मल नंबर तीन वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहिला,” संघमित्रा म्हणाली. “माणूस तर डोळ्यांसमोर हिंडताफिरता. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, टेस्ट चुकतेय. सरांनीसुद्धा. पण टेस्ट चुकत नव्हती. नॉर्मल नंबर तीनला ल्युपस होता.”

टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. नवलकर काठीवर भार देऊन उठले. त्यांनी तळपद्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“मी चुकलो, तळपदे. तुम्ही बरोबर होता.”

सुरुची डोळे पुसत होती, पण मोबाइल तिनं खाली केला नाही. तळपदे बसूनच राहिले. त्यांना गहिवरून आलं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

पहिला प्रश्न सर्वांत ज्येष्ठ सभासदानं विचारायचा, अशी सोसायटीची रीत होती. माइक तळपद्यांपाशी आला. त्यांनी तो धरला, पण काही विचारलं नाही.

“मग मीच विचारते, सर,” संघमित्रा व्यासपीठावरून म्हणाली. “नळ्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. नंबर तीनच्या अगदी पहिल्या नमुन्यातसुद्धा आजार दिसतोय. तेव्हा औषधं होती. वेळेवर कळलं तर माणूस वाचायचा. कोण होतं ते, आठवतं तुम्हाला?”

नवलकरांनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता. तळपद्यांनी सुरुचीच्या मोबाइलकडे पाहिलं.

“माझा डबा घेऊन यायची,” ते म्हणाले.