देवी निघाली गावाला

चोरीला गेलेली गावदेवी एका अमेरिकन म्युझियममध्ये सापडली. कुठल्याशा डीलरने ती एका श्रीमंत कलेक्टरला विकली होती आणि त्याने ती म्युझियमला भेट म्हणून दिली होती. मूळच्या याच गावच्या, पण आता परदेशात विंडसरला राहणाऱ्या ऊर्मीने ईमेलवर ईमेल करून म्युझियमला ती परत द्यायला लावली. आज देवीची पेटी विमानात चढल्याचा मेसेज आला, तसा तिने गावच्या गुरवकाकांना फोन लावला.

"पोरी, मूर्ती अखंड आहे ना?"

"नाही काका, चोरांनी उपटताना एक हात तुटलाय."

"मग गाभाऱ्यात नाही घेता येणार. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत."

"मग तिचं करणार काय?"



"नदीत विसर्जन. तू आणलीस, मान तुझाच. तुझ्याच हातून सोडू."