लाल झाडापाशी वळायचं

पानगळीतलं रान रंगवायला निघताना नवऱ्याने दोघांचे मोबाईल हट्टाने घरी ठेवले. म्हणाला, "प्रत्येक वळणाचं चित्र काढतो, तीच बघत परत येऊ."

आता अंधारून आलं होतं आणि बायको हातातलं चित्र बघत वाट शोधत होती. चित्रात परतीच्या वाटेवर लालभडक झाड होतं. समोर तीन वाटा आणि तिन्हींवर झाडं पिवळीच.

"अरे, तुझं लाल झाड कुठाय?"

"नव्हतंच. चित्र फार पिवळं होत होतं."

तिने पिशवीतून पुढचं चित्र बाहेर काढलं. "बरं, निदान चित्रातल्या या घरात तरी विचारू. खिडकीत दिवा दिसतोय."

नवऱ्याने रंगपेटी हळूच पाठीमागे लपवली.

"तिथे कोपरा रिकामा वाटत होता गं."