सिदूची डिस्क

पंचशीलाने आधी जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून बाजूला ठेवली. नव्या एसएसडीवर विंडोज टाकायचं, तर जुनीला मध्ये येऊच द्यायचं नाही, हा तिचा नेम. एकदा आष्टीत एका फोटोवाल्याची भलतीच डिस्क पुसली गेली होती. त्या माणसाचं तोंड ती अजून विसरली नव्हती.

"मॅडम, आमच्या सिदूचं समदं त्यातच हाय. तेवढं जपा," शहादेवराव दर पाच मिनिटांनी येऊन सांगत होते. सिदू त्यांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवर गेला. त्याच्या फोनचाही चुरा झाला. उरली ती ही डिस्क.

"काका, वायरच काढलीय. तिला काही होत न्हाई."

तासाभरात विंडोज बसलं. तिने जुनी डिस्क पुन्हा जोडली, बटण दाबलं. एरवी चहा होईपर्यंत वाट बघायला लावणारा कॉम्प्युटर बघता बघता सुरू झाला. तिने डिस्कवरचा एक व्हिडिओ लावला. नारायणगडाच्या जत्रेत उसाचं कांडं हातात धरून सिदू म्हणत होता, "आई, इकडं बघ की."

साखराबाई रडल्या. रडता रडताच त्यांनी पंचशीलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "लई उपकार झाले बाई. कुणाची गं तू?"

"वाघमाऱ्यांची. नांदूरघाटला विहाराजवळ दुकान हाय आमचं. घरातच."

डोक्यावरचा हात निघाला. साखराबाई आत गेल्या आणि मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ. कपबशीतून येणार होता तो चहा मग कागदी ग्लासातून आला. पंचशीलाने तो तसाच ठेवला आणि कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"राहू दे पोरी," शहादेवराव म्हणाले. 'मॅडम' हा शब्द एव्हाना कुठल्या कुठे गेला होता. "नवी वस्तू हाय. आधी पूजा."

त्यांच्या हातात तांब्या होता, आंब्याची डहाळी होती. तांब्यात गोमूत्र आहे ते वासावरूनच कळलं.

"काका, मशीन चालू हाय. बंद तरी करू द्या."

"तू सरक तिकडं."

त्यांनी कीबोर्डवर शिंपडलं, माउसवर शिंपडलं, ती बसली होती त्या खुर्चीवर तर दोनदा शिंपडलं. शेवटी डहाळी उघड्या डब्यावर झटकली. आत चर्र झालं. जळका वास सुटला. कांडं तोंडाशी नेत असलेला सिदू काळा झाला.

पंचशीलाला त्या वासाचं काही नव्हतं, गाय तिच्याही दारात होती. किळस आली ती त्या ओल्या खुर्चीची, आणि तिच्यावर तासभर मन लावून काम करत बसलेल्या स्वतःचीही.

"आता कसं?" शहादेवरावांनी विचारलं.

"मदरबोर्ड गेला. डिस्क वाचली का ते दुकानात बघावं लागंल. चार दिवस माझ्या घरात ठेवावी लागंल."

तिने प्लग काढला, स्क्रू सोडवले, डिस्क आपल्या ओढणीने कोरडी केली आणि टेबलावर ठेवली. साखराबाईंनी झडप घालून ती उराशी धरली. पंचशीला पिशवी उचलून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

"दे तिला," शहादेवराव बायकोला म्हणाले.

साखराबाई दारापर्यंत आल्या. डिस्कवरून त्यांनी एकदा बोटं फिरवली. मग वाकून ती उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरल्या.

पंचशीला वाकली नाही.

"हातात द्या, काकू," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

साखराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने तांब्याकडे बघितलं. पंचशीलाने हात मागे घेतला नाही.