पोकळ सडक

"इथं पोकळ हाय, रावसाब." खडी फोडणाऱ्या हौसाबाईने सडकेवर पहार पुन्हा आपटली.

ओव्हरसियर हरिहररावांना आवाजातला फरक काही कळला नाही. तरी त्यांनी खणायला लावलं. चार बोटं खडी, आणि तिच्याखाली मुरूम नव्हताच. नुसती काळी माती. माजिवड्याहून बाळकुमला जाणाऱ्या त्या नव्या सडकेवर तिने तीन जागा दाखवल्या. तिन्ही पोकळ निघाल्या. ठेकेदाराचं तोंड एवढंसं झालं.

हरिहररावांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. अठराशे चौऱ्याऐंशी सालचा तो माघ महिना. सडकेची मजबुती पाहायची तर फर्लांगा-फर्लांगावर खड्डे खणावे लागत. आठ मजूर, आठ दिवस, आणि बुजवलेली जागा कायमची कच्ची. स्वस्तात काही जमवा, म्हणून इंजिनियर साहेब वर्षभर मागे लागले होते. इथे एक बाई आणि एक पहार, सकाळभरात काम फत्ते! पहारीच्या आवाजावरून सडक तपासता येते, असं त्यांनी त्याच दिवशी साहेबांना लिहून धाडलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. शाबास. यापुढे खड्डे बंद. आता शहाडची सडक तशीच तपासा. तिच्यावरून गिरणीचा बॉयलर न्यायचा आहे. तुमच्या बढतीचंही पाहतो.

हरिहरराव तसेच खडी फोडणाऱ्या बायकांकडे गेले.

"हौसाबाई, उद्या शहाडला चलायचं."

तिने हातोडा खाली ठेवला. "तिथं मला नाय ऐकू येनार."

"का बरं? पहार तीच, कान तेच."

"तिथली सडक मी नाय केली, रावसाब." तिने आवाज उतरवला. "इथं मातीच्या पाट्या मीच टाकल्या. ठेकेदार उभा राहून टाकवत होता."

"मग तेव्हाच सरळ का नाही सांगितलंस?"

"माझं कोन ऐकनार होतं? पहारीचं तुमी ऐकलंत."

हरिहरराव खडीच्या ढिगावर बसले. पत्र साहेबांनी वरही दाखवलं असेल. पण शहाडची सडक खचली, तर त्या धुडाबरोबर गाडीवान असणार होते, बैल असणार होते. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं: खणून पाहिल्याशिवाय बॉयलर नेऊ नये.

ठेकेदार पलीकडेच उभा होता. हौसाबाईने हळूच विचारलं, "माझं नाव घालताय?"

"नाही. कल्पना माझी होती, ती चुकली, एवढंच लिहितोय."