माशांचं पाणी

"हेही मेले?" गव्हाणकर साहेबांनी काचेच्या टाकीवर टिचकी मारली. शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या त्या प्रकल्पाच्या दारातच ही टाकी होती. शुद्ध पाण्यात मासे पोहताना दिसले की पाहुण्यांची खात्री पटायची. "आज तपासणी समिती येतेय. नवे मासे मागवलेत. आणि मॅडम, या वेळी टाकीत जारचं पाणी भरा."

केमिस्ट हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहरभरच्या औषधांचे अंश पाण्यात उरतात, कोळशाच्या फिल्टरशिवाय ते निघत नाहीत, हे सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. त्या फिल्टरचा पंप साहेबांनीच काढून नगराध्यक्षांच्या बागेतल्या कारंज्याला बसवला होता. ऑफिसातले सगळे जार तिने टाकीत रिकामे केले.

समिती आली. मासे मजेत पोहत होते. "नदीत सोडतो ते हेच पाणी," साहेब छाती फुगवून म्हणाले. "एक नंबर! मॅडम, पाहुण्यांना प्यायला पाणी आणा."

हर्षदाने भरलेल्या ग्लासांचा ट्रे साहेबांपुढेच धरला. "जारचं पाणी माशांनाच लागलं, साहेब. हे आपलं, नदीत सोडतो ते. पहिला ग्लास तुम्ही घ्या."

ग्लासकडे निघालेला साहेबांचा हात मध्येच थबकला. समितीच्या नजरा माशांवरून त्या हातावर आल्या.

"घ्या ना," हर्षदा म्हणाली. "नदीकाठची गावं रोज पितात."