कपाटामागची भिंत

"हे कपाट जरा सरकवता का?" बँकेच्या कर्जासाठी फ्लॅटचं मूल्यांकन करायला आलेल्या खोपकरांनी विचारलं.

"भरलेलं आहे हो, दोन माणसं लागतील," मालक म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आणखी पाच घरं बघायची होती. एजन्सीचा वाटा जाऊन घरामागे साडेतीनशे मिळत, पेट्रोल त्यातच. खोपकरांनी कपाटासकट फोटो काढला आणि 'भिंती सुस्थितीत' असं लिहिलं.

चार महिन्यांनी त्याच फ्लॅटच्या वरच्या घराचं काम आलं. जिन्यात हातातली मोजमापाची टेप पाहून खालच्या नव्या मालकीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. कपाटाच्या जागी बोट जाईल एवढी भेग होती.

"बँकेच्या माणसानं भिंती चांगल्या आहेत असं लिहिलं होतं. म्हणजे ही नंतरच पडली ना?"

"नंतरच," खोपकर म्हणाले.

वरच्या घरातही त्याच भिंतीला कपाट होतं. खोपकरांनी घड्याळ पाहिलं.